चादरीखालची लिंबोणी

“पण बाबा, त्याचं ओरडणं थांबेल ना?”

अच्युतवैद्यांनी पुन्हा तेच विचारलं.

लिंबूशा बाबा खाली पडलेली लिंबं टोपलीत गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“थांबेल. सगळ्यांचंच थांबतं.”

वैद्यांना बरं वाटलं. नीट ऐकलं असतं तर वाटलं नसतं. पण ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती. पंचक्रोशीत ते बोलायचे आणि लोक ऐकायचे.

“काय ओरडतो तुझा भाऊ?” बाबांनी विचारलं.

“काही नाही हो. बरळतो.”

बाबा पुन्हा लिंबं वेचू लागले.

झालं होतं ते असं. वैद्यांचा धाकटा भाऊ नरहरी, पोहरा तुटून पडला म्हणून परसातल्या विहिरीत उतरला. वर आला तो थरथर कापत. दातखीळ बसलेली. दिवस मावळेपर्यंत अंग तापाने फणफणलं, आणि दातखीळ सुटली तसा तो ओरडायला लागला, “विहीर! वहिनी, विहीर!”

बायकांनी लगेच ओळखलं. आसरांनी धरलं. पाण्यातल्या त्या सात जणी एकदा मागे लागल्या की सोडत नाहीत.

वैद्यांनाही ते पटलं. खरं तर पटवून घेणं सोयीचं होतं. वैद्याच्याच घरात ताप उतरत नाही, हे गावात कळलं असतं तर शोभा झाली असती. आसरांवर मात्र कुठल्याच वैद्याकडे औषध नसतं. नरहरीला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. तरी आवाज यायचाच. मग वैद्यांनी आपल्या हाताने दाराच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, आणि तावीज आणायला ते या तकियावर आले.

तकिया म्हणजे माळावरची एक मजार, एक पडवी आणि भोवती कागदी लिंबांची बाग. त्या बागेवरूनच लोक फकिराला लिंबूशा म्हणायचे.

“तावीज देईन,” बाबा म्हणाले. “आधी थोडे दिवस बाग सांभाळ.”

बाग चांगली होती. एक लिंबोणी सोडून.

ती मधोमध उभी होती. पानापानावर काथाचे डाग पडावेत तसे खरबरीत ठिपके. खैऱ्या रोग. आणि तिचा वास! लिंबाचा नव्हे, त्याहून उग्र, घशाला चिकटून राहणारा. वारा नसला तरी तो बागभर असायचा. भर दुपारी, पाखरूसुद्धा बोलत नसताना, वैद्यांना वाटायचं, हा वास झाडाझाडापाशी जाऊन थांबतोय. कुणी दारोदार फिरावं तसा.

“ती काढून टाका, बाबा. बाकीच्यांना लागण होईल.”

“इथे कोयता चालत नाही.”

बाबांनी शेजारच्या निरोगी झाडाचं पान तोडून वैद्यांच्या हातावर ठेवलं.

“चाव.”

वैद्यांनी चावलं आणि थुंकून टाकलं. काडेचिराईत बरा, इतकं कडू.

“अहो, धडधाकट झाड आणि पान असं?”

“म्हणून तर धडधाकट,” बाबा म्हणाले आणि टोपली उचलून निघून गेले.

वैद्य हुशार माणूस. कोयता चालत नाही ना? नको. त्यांनी पडवीतून मजारीवरच्या जुन्या हिरव्या चादरी आणल्या, एकीला एक जोडून त्या लिंबोणीला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत गुंडाळलं आणि सुतळीने आवळून टाकलं.

वास थांबला.

बाबा येऊन उभे राहिले. हिरव्या कापडातलं ते झाड एखाद्या उभ्या मजारीसारखं दिसत होतं.

“आता बरं वाटतं तुला?”

“फार बरं वाटतं, बाबा.”

बाबा मजारीकडे वळले.

त्यानंतर वैद्यांना झोप लागू लागली. फक्त दुपारी त्या झाडाजवळून जाताना ते तोंड फिरवून जायचे. वारा नसताना आत पानं घासल्यासारखी वाजायची. एकदा त्यांना वाटलं, कापड आतून जरा पुढे आलंय. त्यांनी सुतळीला आणखी एक गाठ मारली. अंगावर काटा आला होता, पण तो उन्हाचा म्हणून त्यांनी सोडून दिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गडी सटवा घरचा निरोप घेऊन आला.

“धाकले मालक आता गप हायेत,” तो म्हणाला. “आन् बाईंनी लेकरांसाठी मुरडशेंग मागितलीय. पोटात कळा येऊलाल्यात त्यांच्या.”

वैद्यांचा चेहरा उजळला. तावीज न बांधताच ओरडणं थांबलं होतं! त्यांनी बटव्यातून मुरडशेंग काढून दिली.

“पाण्यात उगाळून द्या म्हणावं. दिवसातून चार वेळा. आणि पाणी भरपूर पाजा.”

ते स्वतः मात्र घरी काय, इथे काय, सुंठ घालून उकळलेलंच पाणी प्यायचे. ते पथ्य त्यांच्यापुरतं होतं.

त्यानंतरच्या बाजाराला कुणी आलं नाही. वैद्य धरून चालले की घरी सगळं ठीक आहे. त्या दुपारी त्यांनी सहज एक पान तोडून चावलं, आणि ते धावतच बाबांकडे गेले.

“बघा, बाबा! कडूपणा गेला. पानं अगदी मवाळ झाली.”

बाबांनी पान हातात घेतलं. उलटं केलं. मागच्या बाजूला काथाचा एक ठिपका होता.

वैद्य परत बागेत गेले. पहिलं झाड पाहिलं. दुसरं पाहिलं. मग ते पळत सुटले, या झाडाकडून त्या झाडाकडे, पानं उलटीपालटी करत. ज्या फांदीला हात लावावा तिथे ठिपके. साऱ्या बागेला खैऱ्या लागला होता. आणि वास कसलाच नव्हता.

“ती तर बांधून ठेवली होती मी!” ते ओरडले. “पक्की बांधली होती!”

“सोड तिला,” बाबा म्हणाले.

गाठी सुटेनात. वैद्यांनी दातांनी सुतळी तोडली. चादर खाली घसरली. आतली पानं कापडाला चिकटून आली होती, कुणी आतून तळहात टेकवून ढकलत राहावं तशी. कोंडलेला वास एकदम अंगावर आला. वैद्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“रोगाचा वास…” ते म्हणाले.

“रोगाचा नव्हे. शेजारणींना हाक होती ती. मला धरलंय, तुम्ही पानं कडू करा.”

“झाड हाक मारतं?”

“ज्याला धरलंय तोच मारणार. बाकीच्यांना कुठून कळावं? तू तिचं तोंड बांधलंस.”

वैद्यांनी वळून बागेकडे पाहिलं. बाग गप्प होती. एक पान हलत नव्हतं.

बाबांनी विचारलं, “तुझा भाऊ काय ओरडत होता?”

“सांगितलं ना… बरळत होता.”

“काय ओरडत होता?”

वैद्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

“विहीर,” ते म्हणाले. “वहिनी, विहीर… एवढंच.”

बाबांच्या हातातली टोपली खाली आली. लिंबं घरंगळत गेली. त्यांनी पायवाटेकडे पाहिलं. गावाकडून येणारी ती वाट दूरवर रिकामी होती.

“बेटा…” बाबा म्हणाले, “घरी पाणी कुठलं पितात?”