गारगडची वीजचोरी

"पाचशे किलोमीटर धावणारी गाडी पावणेतीनशेच्या आतच मान टाकते, मग उरलेली वीज गेली कुठे? तुळशीराम, वीज विकलीस तू!"

गारगडचे राजे मार्तंडराव भर दरबारात गरजले आणि त्यांचा ड्रायव्हर तुळशीराम हात जोडून उभा राहिला. आता वीज काय डब्यात भरून विकता येते? पण हे राजांना सांगणार कोण! डिझेलच्या जमान्यात घाटाखालच्या टपरीवर टाकीतलं डिझेल काढून विकणारे दोन ड्रायव्हर त्यांनी रंगेहाथ पकडले होते. तेव्हापासून गाडी कमी पळाली की ड्रायव्हर चोर, एवढंच त्यांना समजत होतं. डिझेल जाऊन वीज आली, पण राजांचं डोकं त्या टाकीतच अडकून पडलं होतं.

शेजारी दिगंबरशेठ उभा होता. ही इलेक्ट्रिक पिकअप संस्थानाच्या गळ्यात मारणारा हाच! अंगात पातळ रेशमी कोट, हातात गुळगुळीत कागद.

"महाराज, कागदावर स्पष्ट छापलंय. एका चार्जमध्ये पाचशे! कारखाना खोटं बोलेल का?"

हो ना, कारखाना कसा बोलेल? खोटं बोलायला ड्रायव्हर आहेत की!

"उद्या सकाळी हमरस्त्याने सीमेच्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं," राजांनी फर्मान सोडलं. "बरोबर पाचशे किलोमीटर, एकाच चार्जमध्ये! मध्ये गाडी थांबली तर चोरी कबूल. नोकरी तर जाईलच, बायकोपोरांसकट संस्थानाबाहेर काढीन!"

दिवस पौषातले. गारगडात सकाळी हंड्यातलं गोठलेलं पाणी फोडून घ्यावं लागत होतं. अशा थंडीत पाचशे!

तेवढ्यात तुळशीरामची मुलगी सगुणा पुढे आली. संस्थानाच्या बागेतल्या सफरचंदांच्या पेट्या बाजारात पोचवायला ती बापाच्या बरोबरीने गाडी हाकायची. बापाला चोर म्हटलेलं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"महाराज, उद्या गाडी मी चालवते. पण साक्षीला तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि शेठजी माझ्या शेजारी. कागदात लिहिलंय अगदी तसंच चालवीन."

"मंजूर!" राजे म्हणाले. शेठने तर मिशीवरून हात फिरवला. बिचाऱ्याला वाटलं, राजांबरोबर फुकटची सहल झाली!

सकाळी गाडी पूर्ण चार्ज करून सगुणा स्टिअरिंगवर बसली. गाडी अजून किती पळेल याचा अंदाज समोरच्या पडद्यावर दिसत होता, पाचशे.

"शेठजी, कागदाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय? जरा मोठ्याने वाचा की!"

शेठ खाकरला. "हवा उबदार... वेग ताशी साठ... मागचा हौदा रिकामा... हीटर बंद."

"उबदार हवा काही मला आणता येत नाही. बाकीचं सगळं पाळते!" असं म्हणत सगुणाने खटकन हीटर बंद केला.

गाडी निघाली. हमरस्त्यावर सगळी दुनिया शंभराच्या वर पळत होती आणि राजांची गाडी साठावर रांगत होती. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत, खिडकीतून हात नाचवत पुढे जात होते. राजेपणाची सगळी रया गेली! आतून काच धुरकटायला लागली, म्हणून सगुणाने खिडकी चार बोटं उघडली. बर्फासारखा वारा सरळ शेठच्या रेशमी कोटात घुसला.

"ख... खिडकी लाव गं!"

"मग रस्ता कसा दिसणार, शेठजी? कागदात बघा, काही उपाय दिलाय का?"

शेठचे दात कडकड वाजायला लागले. तीस किलोमीटर झाले तेव्हा पडद्यावर चारशेच उरले होते.

"अगं, तीसच तर झाले! सत्तर कुठे गेले?" राजांनी शालीतून तोंड बाहेर काढून विचारलं.

"थंडीत बॅटरी आखडते, महाराज. आपली बोटं आखडतात तशी."

आता शेठला राहवेना. त्याने हळूच हात लांबवला आणि हीटरचं बटण दाबलं. सगुणाने फटकन त्याच्या हातावर चापट मारली.

"शेठजी! राजांच्या डोळ्यांदेखत वीज चोरता?"

"चोरी कसली? माणूस मरेल इथे!" शेठ रडकुंडीला आला.

"राहू दे, राहू दे हीटर चालू!" मागून राजेच ओरडले. त्यांचेही पाय लाकूड झाले होते. "पूर्ण वाढव! आणि हे रांगणं बस झालं, लोक हसतायत आपल्याला. हाक जोरात!"

"जशी आज्ञा!" सगुणाने खिडकी लावली, हीटर पूर्ण वाढवला आणि काटा एकशेदहावर नेला. पडद्यावरचा आकडा घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली आला. तीनशे साठ, तीनशे, दोनशे साठ... चाळिसावा किलोमीटर आला तेव्हा दोनशे तीस!

सगुणाने गाडी कडेला घेतली.

"चाळीस झाले, दोनशे तीस उरले. करा बेरीज, महाराज!"

"दोनशे सत्तर," राजे पुटपुटले. रोज तुळशीरामची गाडी तेवढीच पळायची. "पण मग बाकीची वीज गेली कुठे?"

"थोडी थंडीने खाल्ली, थोडी तुमच्या घाईने. आणि चोरीचा बाकीचा माल हवाच असेल, तर वाकून बघा, महाराज. आत्ता तुमच्याच पायांशी आहे. ऊब लागतेय ना?"

राजांनी खाली पाहिलं. ऊन ऊन वारा त्यांच्या पायांवरून फिरत होता. मग ते असे खदखदून हसले की गाडी हलायला लागली.

"म्हणजे चोर मीच! आणि शेठ माझा साथीदार! शेठ, उतरा खाली. परतीला तुम्ही मागच्या हौद्यात!"

"पण महाराज," शेठ हात जोडून कळवळला, "कागदात... हौदा रिकामा ठेवा असं लिहिलंय!"

राजांना पुन्हा हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

गडावर परतल्याबरोबर त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून तुळशीरामच्या अंगावर घातली आणि भर दरबारात त्याची माफी मागितली. सगुणाला संस्थानाच्या सगळ्या गाड्यांची मुख्य केलं. त्या दिवसापासून गारगडात गाडी विकायला येणाऱ्याला हुकूम असतो, आकडा पौषात मोजायचा, हीटर लावून, हमरस्त्यावर, आणि स्टिअरिंगवर सगुणा!