सात एके

"कुठवर गेलास?" शंभूबुवांनी विचारलं.

"दोनशे तेहेतीसपर्यंत," त्र्यंबक म्हणाला. "कशानेही भाग गेला नाही. संख्या मूळ आहे."

धूळपाटीवर सात एके ओळीने उभे होते. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

त्या मठात गणित शिकवण्याचा अधिकार एकाच मार्गाने मिळे. शिष्याने दहा लाखांवरची एक मूळ संख्या शोधून आणायची. एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. भागाकार धुळीत करायचे आणि पुसत पुढे जायचं. मागे काही उरत नसे. शिष्याचा शब्द हाच पुरावा. गुरूने फक्त विचारायचं, कुठवर गेलास?

त्र्यंबक या दिवसासाठी अकरा वर्षं थांबला होता. बाहेर गुरुबंधूंनी त्याचं आसनही मांडलं होतं.

"जायचं कुठवर होतं?"

"एक हजार एक्कावन्नपर्यंत. त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्ग या संख्येहून मोठा होतो."

"मग?"

"बुवा, दोनपासून धरून एक्कावन्न मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एक्कावन्न दारं ठोठावली, एकही उघडलं नाही. पुढची काय उघडणार?"

"वेशीजवळची एक्कावन्न घरं पाहिलीस, आणि गाव ओस आहे म्हणून सांगत आलास?"

"बोलण्यात तुम्ही जिंकालच," त्र्यंबक तडकला. "चूक दाखवा."

बुवांनी पाटी त्याच्याकडे सरकवली.

"पुढची घे."

"पुढची दोनशे एकोणचाळीस. घेतो. तुमच्या समाधानासाठी."

बोट धुळीतून सरसर फिरू लागलं. चाराचा भाग लागला. मग सहाचा. पुन्हा चाराचा. शेवटी दोन हजार एकशे एक्कावन्न उरले.

दोनशे एकोणचाळीस नवे...

बोट थांबलं.

खाली शून्य होतं.

"एकच पायरी..." त्र्यंबक पुटपुटला. "फक्त एक पायरी आधी थांबलो."

त्र्यंबक उठला. बाहेर गेला. सगळ्यांच्या देखत त्याने आपलं आसन गुंडाळून भिंतीशी ठेवलं. कुणीतरी हसलं. तो परत आला, पाटी हलवून धूळ सपाट केली आणि नवी संख्या लिहिली. दहा लाख तीन.

"नऊशे सत्त्याण्णवपर्यंत जावं लागेल," तो म्हणाला. "जाईन. एकही सोडणार नाही."

पहिला भागाकार मांडता मांडता त्याने मान वर केली.

"बुवा, एक सांगा. दोनशे एकोणचाळीसने भाग गेला नसता, पुढच्या कशानेच गेला नसता, तर माझं उत्तर बरोबरच ठरलं असतं. आज त्या आसनावर मी बसलो असतो."

"हो," बुवा म्हणाले. "मला त्याचीच भीती होती."