साच्याची हस्तकला

वापरलेल्या कागदाला कोणी रद्दी म्हणत नसे, त्या काळची ही गोष्ट. कुमुदिनीबाई दसऱ्यासाठी हाताने शुभेच्छापत्रं बनवत. त्यावर चिकटवायची आपट्याची कागदी पानं त्यांची जुनी कात्री कापत असे. त्या वर्षी बाईंनी पानाच्या आकाराचा लोखंडी साचा आणला. तो कागदावर दाबला की पान आपोआप कापून निघे.

"तुझी दोन पानं कधी सारखी येत नाहीत," साचा कात्रीला म्हणाला.

"झाडाचीही येत नाहीत," कात्री म्हणाली.

"म्हणूनच झाडाला कोणी ऑर्डर देत नाही."

बाईंनी कात्री बाजूला ठेवली. पण पहिल्याच गिऱ्हाइकाने पत्रं चाळून विचारलं, "ही छापील आहेत का हो? मला हाताने केलेली हवी होती."

साचा घाबरला. त्याने हातोडीच्या विनवण्या करून आपली एक कड वाकवून घेतली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पान डाव्या बाजूला कुरतडल्यासारखं निघालं.

परत आलेल्या त्याच गिऱ्हाइकाने सगळी पत्रं शेजारी शेजारी मांडली आणि म्हणालं, "बाई, या सगळ्या पानांना एकच कीड लागली आहे का?"

बाईंनी पुन्हा कात्री हातात घेतली. साचा खणात गेला. तिथे वाळलेल्या डिंकाच्या बाटलीला तो अजून सांगतो, "हाताच्या कामाची लोकांना कदरच राहिली नाही."