तोंड बांधलेला रांजण

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या आजीची आजीसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा, एका उघड्याबोडक्या कातळावर एक गड होता. गडावर पाणी होतं, धान्य होतं, पण माती म्हणून नव्हती. ती खालच्या मुलखातून वर्षातून एकदा गाढवांवर लादून यायची, आणि तटाच्या कामाला जाणाऱ्या घरांना एकेक टोपली मिळायची. त्या टोपलीत लोक चार काड्या भाजी पिकवत.

वारा तर असा की उघडं ठेवलेलं काही जागेवर राहत नसे. म्हणून पीठ असो, मीठ असो की माती, मडक्याचं तोंड फडक्याने बांधायचं आणि वरून चुन्याने लिंपायचं, ही गडाची रीत होती. चालायला लागण्याआधी पोरं हे बघून शिकत.

या गडावर एक म्हातारा पाथरवट आणि त्याची बायको राहत. खोली इतकी लहान की एकाने पाय पसरले तर दुसऱ्याने आखडून घ्यायचे. तरी दोघांचं बरं चाललं होतं. पण एके वर्षी म्हाताऱ्याला दिवस कलला की दिसेनासं झालं. भिंत चाचपत तो दारापर्यंत जायचा आणि उंबऱ्याला ठेचकाळायचा.

वैद्य म्हणाला, "रोज ताजी पालेभाजी पोटात जाऊ दे. दृष्टी परत येईल. उशीर केलात तर मात्र दिवसाही दिसायचं नाही."

म्हातारी किल्लेदाराकडे माती मागायला गेली. किल्लेदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, तुमचे यजमान कामावर येत नाहीत, म्हणून टोपली थांबली. आहे ती माती वाटून झाली. पुढच्या वर्षी बघतो."

पुढच्या वर्षापर्यंत डोळे थांबणार होते थोडेच?

घरी येऊन ती दुधी सोलायला बसली. गडावर सालं-देठं कड्यावरून खाली भिरकावत. हातातली सालं बघून तिला माहेरचा उकिरडा आठवला, आणि त्यातून निघणारं काळंभोर खतही. कोपऱ्यात एक जुना रांजण होता. तिने त्यात सालं टाकली. मग रोज देठं, टरफलं, उरलेला भात असं सगळं टाकत गेली. आणि गडाच्या रीतीप्रमाणे दर वेळी तोंड घट्ट बांधून चुन्याने लिंपत गेली.

पंधरा दिवसांत असा वास सुटला की शेजारीण नाकाला पदर लावूनच दारात आली. "काकू, तुमच्या घरात काही मेलंय का?" गोष्ट किल्लेदारापर्यंत गेली. त्याने आठ दिवसांची मुदत दिली. नाहीतर रांजण कड्यावरून खाली.

म्हातारीने रांजण उघडला. आत नुसता काळा, बुळबुळीत चिखल होता. तिला रडूच आलं. हातात खालच्या मुलखातून आलेला, पाला वाळून गेलेला मुळा होता. त्याचं खालचं टोक तोडून ती रांजणात टाकणार, तोच टोकाच्या मुळांना चिकटलेलं एक गांडूळ म्हणालं, "आजी, मला त्यात टाकू नका. मी गुदमरून मरेन."

"मग मी काय करू रे बाबा?"

"तुम्ही लोक सगळ्याचीच तोंडं बांधता. पिठाला चालतं ते. पण माती होणं म्हणजे श्वास घेणं आहे, आजी. रांजणाला भोकं पाडा. ओल्यावर कोरडं घाला, कोरड्यावर ओलं. मग मला खुशाल आत सोडा, पुढचं माझं काम."

भोकं पाडायची म्हणजे रांजण फुटायची भीती. म्हातारा म्हणाला, "छिन्नी आण. डोळे गेले असतील, हात नाही गेले." सकाळच्या उजेडात, बोटांनी चाचपत, टिचक्या मारल्यासारखे घाव घालत त्याने सतरा भोकं पाडली. रांजणाला तडासुद्धा गेला नाही.

आता कोरडं हवं होतं. म्हातारी दारोदार गेली, ज्यांनी तक्रार केली त्यांच्याही दारात गेली. कोणी गाढवाच्या खोगिरातलं जुनं गवत दिलं, कोणी झिजलेला काथ्याचा दोर. शेजारणीने सुक्या पत्रावळींचा गठ्ठाच पुढे केला. "न्या, काकू. पण पुन्हा वास आला तर रांजण मीच ढकलीन हं."

म्हातारीने ओल्या-कोरड्याचे थर रचले आणि गांडुळाला आत सोडलं. आठव्या दिवशी किल्लेदार आला. नाक दाबूनच रांजणावर वाकला, मग त्याने हात खाली घेतला. दुर्गंधी गेली होती, ओल्या मातीचा वास येत होता. तो तसाच वाकून म्हणाला, "माझ्या आईच्या परसात असा वास यायचा." रांजण राहिला.

तीन महिन्यांनी त्यात गार, मऊ, काळी माती तयार झाली. म्हातारीने उंबऱ्याजवळच्या फुटक्या मडक्यांत माठ आणि मेथी पेरली. पहिली जुडी निघाली तेव्हा तिने पत्रावळीवालीला पान दिलं, दोरवाल्याला दिलं, गवतवाल्याला दिलं. मुळाशी वळवळणाऱ्या गांडुळाला म्हणाली, "बाबा, तुला काय देऊ?" ते म्हणालं, "उद्याची सालं."

म्हातारा रोज भाजी खाऊ लागला. एके दिवशी तिन्हीसांजेला तिने दिवा लावला आणि वळून पाहिलं, तर तो तिच्याकडेच टक लावून बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "केवढी म्हातारी झालीस तू. मला कुणी सांगितलंच नाही."

ती हसली, मग डोळ्याला पदर लावून बराच वेळ रडली. तिच्या आयुष्यात कुणी तिचं इतकं गोड कौतुक केलं नव्हतं.

पुढे गडावर घरोघरी सतरा भोकांचे रांजण आले. कड्यावरून सालं फेकायची सगळ्यांना लाजच वाटू लागली. आणि मातीची टोपली कुणाला द्यायची, कुणाला नाही, हा प्रश्न किल्लेदाराला पुन्हा कधी पडला नाही.

तात्पर्य: ज्याने आपल्याला पोसलं त्याचं उरलंसुरलंही जपून मातीला परत द्यावं, हीच उपकाराची खरी जाण.