इंगाबाईची हाक

फार जुनी गोष्ट. आमच्या वाघदऱ्यात तेव्हा पंचवीसच घरं होती आणि घाटात गाडीरस्ता नव्हता. त्या काळी समुद्रापलीकडच्या बर्फाच्या मुलखातून एक जोडपं इथं राहायला आलं. तो कार्ल पाद्री, ती त्याची बायको इंगा. दोघं त्यांच्या देवाचं सांगायला आली होती.

कार्लनं नाव सांगितलं की बायका पदराआड हसायच्या, ‘कारलं!’ तोही हसायचा. इंगाला मात्र तसं हसणं जमायचं नाही. तिला नाचणीची भाकरी थापता येत नव्हती. चुलीच्या धुरानं डोळे सुजायचे. ती पाणवठ्यावर गेली की बायका हंडे उचलून बाजूला सरायच्या. एकदा शेजारच्या दारात जाऊन तिनं मिठाऐवजी ‘मिठी द्या’ म्हटलं. सगळी आळी हसली. कुणीतरी पानावर मीठ ठेवून पान लांबून सरकवलं. घरी कार्लनं त्या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “मग बरोबरच मागितलं मी.” असं म्हणतात.

दर रविवारी कार्ल घंटा वाजवायचा. ऐकायला इंगा एकटीच बसायची.

तिसऱ्या पावसाळ्यात कार्ल तापानं गेला. माणसं आली, खड्डा खणला, माती लोटली, आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी इंगानं दोघांच्या भाकरी थापल्या आणि मग तिच्या ध्यानात आलं. आता तिची बोली समजणारं माणूस शंभर कोसांत नव्हतं. असं म्हणतात, सात आठवडे ती एक शब्द बोलली नाही.

मग एका सकाळी ती गावामागच्या दरीच्या काठावर गेली. समोर काळा कडा. तिनं हाक मारली, “कार्ल!” कडा म्हणाला, “कार्ल!” त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. आपल्या बोलीत बोलायची, तेवढंच परत ऐकायची. गाव म्हणालं, मडमेला वेड लागलं.

गावात चिमा नावाची सून होती. कोकणातून घाट चढून आलेली. तिच्या बोलण्याचा हेल वेगळा, म्हणून सासरी तिला सगळे वेडावायचे. एकदा सरपण घेऊन जाताना ती इंगाजवळ थांबली.

“बाई, कुणाला हाक मारता?”

“माझ्या माणसाला.”

“म्या मारू?”

“मार.”

चिमानं मोळी टाकली आणि ओरडली, “आये!” कडा म्हणाला, “आये!” चिमा मोळीवर बसून रडू लागली. तिचं रडू सरेपर्यंत इंगा शेजारी बसून राहिली.

मग एकेक करून इतर सुनाही येऊ लागल्या. असं म्हणतात, पुढं पुढं कडा खरंच बोलायला लागला. “आये, बरी हायेस का?” विचारलं की म्हणायचा, “बरी हाय गं, तू जेवलीस का?” इंगाला मात्र त्यानं कधी एक शब्दही जास्तीचा दिला नाही.

तिला तिच्या मुलखात माघारी न्यायला एकदा डोली आली. “जाता का?” चिमानं विचारलं.

“तिथं तरी आता मला हाक मारणारं कोण आहे?” इंगा म्हणाली. डोली रिकामीच घाट उतरली.

ती म्हातारी होऊन इथंच गेली. त्यानंतर चाळीस दिवस कड्यानं कुणालाच ओ दिली नाही, असं म्हणतात.

आजही वाघदऱ्यात नवी सून आली की पहिल्या सकाळी तिला काही काम सांगत नाहीत. बायका तिला दरीच्या काठावर नेतात आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. तिनं तिच्या बोलीत, तिच्या माणसाला हाक मारायची. हिलाच इंगाबाईची हाक म्हणतात. सून आपणहून मागं वळेपर्यंत तिला कुणी ‘चल’ म्हणत नाही.