कोतवालाच्या नोंदी

नदीपलीकडे रानकुत्री राहायची, त्या काळची गोष्ट. अलीकडच्या रानाचा राजा होता हत्ती आणि त्याचा हेरप्रमुख होता कोतवाल, तो काळा, लांब शेपटीचा पक्षी. काम काय, तर रानकुत्री नदी उतरली की ओरडायचं. एवढंच!

पण या गृहस्थाने सगळे हेर बसवले रानातल्याच झुडपांत. रानकुत्री तीनदा आली, तीनदा पाडसं घेऊन गेली. हा एकदाही ओरडला नाही.

शेवटी चितळीण दरबारात आली. "अहो, माझं पाडस नेलं! तुम्ही बघत काय होतात?"

"तुम्हाला," कोतवाल म्हणाला. "परवा पाणवठ्यावर तुम्ही महाराजांना आळशी म्हणालात. नोंद आहे."

"आणि ती कुत्री?"

"ती महाराजांविरुद्ध कधी एक शब्द बोलत नाहीत."

हत्तीने सोंड कपाळावर मारून घेतली. "पुरे! कोतवाला, आजपासून तू..."

कोतवाल त्याच्या कानाशी बसला आणि दुष्काळात राजाने एकट्यासाठी लपवलेल्या डबक्याबद्दल काहीतरी कुजबुजला.

हत्ती खाकरला. "आजपासून तुला पाच वर्षं मुदतवाढ."

चौथ्यांदा रानकुत्री आली, ती भर दुपारी पाणवठ्यावर. सगळ्यांनी पाहिली. पण झुडपांत हेर होते, तोंड कोण उघडणार?

संध्याकाळी कोतवालाने अहवाल दिला. "रानात संपूर्ण शांतता आहे, महाराज. आज पाणवठ्यावर कुणी चकार शब्द काढला नाही."

"छान," हत्ती म्हणाला आणि वाटेकडे बघू लागला. "पण पाण्यावर गेलेलं आमचं पिल्लू अजून कसं आलं नाही?"