आधी पाहुण्यांना

भोकरवाडी नावाच्या गावात एक भोळा भाऊ राहत होता. नाव त्याचं मुकिंदा. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथेच होता.

मुकिंदाला एक बहीण होती, हौसा. हुशार, कामसू, हसरी. रंगाने सावळी. तिला बघायला येऊन गेलेल्या पाहुण्यांनी पोहे पोटभर खाल्ले, चहा दोनदा मागितला आणि "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. त्यानंतर हौसाचं हसणं कमी झालं. दर वेळी शेजारीपाजारी विचारत, "काय म्हणाले?" आणि आई म्हणे, "अजून कळवायचेत."

म्हणून या वेळी अण्णांनी, म्हणजे हौसाच्या वडिलांनी, युक्ती केली. मुलगी घरी दाखवायचीच नाही. तालुक्याच्या गावी जुन्या संस्थानिकांचा राजवाडा होता. त्याच्या दरबाराचं रंगवलेलं छत बघायला लांबून माणसं येत. आपणही सहकुटुंब छत बघायला जायचं. मुलाकडचेही छत बघायला येतील. तिथे गाठ पडेल. जमलं तर जमलं, नाहीतर छत बघितलं. लोकांत बोभाटा नाही.

आईने निघताना मुकिंदाला बजावलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, छत बघायला आलोय. मुलगी दाखवायला आलोय असं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मुकिंदा म्हणाला.

एसटीत कंडक्टर आला. "कुठं जायचं?"

"राजवाड्यात," मुकिंदा मोठ्याने म्हणाला. "छत बघायला. मुलगी दाखवायला नाही!"

सगळी एसटी मागे वळून हौसाकडे बघू लागली. पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "बरी आहे की गं मुलगी." हौसाने पदर कपाळापर्यंत ओढला. 

अण्णांनी दात-ओठ खाल्ले. "अरे अकलेच्या कांद्या, विचारलं तेवढंच सांगावं! न विचारलेलं पोटात ठेवावं!"

"ठेवतो," मुकिंदा म्हणाला.

राजवाड्यासमोर सगळे उतरले. एसटी धुरळा उडवत निघून गेली. आईने हात चाचपले. "अगंबाई! पेढ्यांची पिशवी?"

मुकिंदा निघून गेलेल्या एसटीच्या धुरळ्याकडे बघत होता.

"मुकिंदा, पिशवी बघितलीस का?"

"बघितली की. बाकाखाली होती. आपण उतरलो तेव्हाही तिथंच होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही."

पाहुण्यांच्या तोंडात घालायचे पेढे पुढच्या गावाला गेले होते. आईने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, कुणाचं काही मागं राहिलेलं दिसलं, की ते उचलावं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यावं!"

"देतो," मुकिंदा म्हणाला.

दरबाराच्या दारात पहारेकरी स्टुलावर बसून पेंगत होता. चपला बाहेर काढायच्या होत्या. बाहेरच्या ओसरीत रंगाऱ्यांचं भिंतींना चुना लावायचं काम चाललं होतं. चुना तिथेच टाकून ते भाकरी खायला विहिरीकडे गेले होते.

आत शिरल्यावर सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या. छत होतं खरोखरच देखणं. कडेने वेलबुट्टी, मोर, हत्तींची रांग. चार कोपऱ्यांत चार ऋतू. आणि मधोमध रासलीला. त्यात निळासावळा कृष्ण. रंग असे, की कालच कुणी रंगवून शिडीवरून उतरलं असावं. 

फक्त हौसा जमिनीकडे बघत होती. "मान खाली ठेव, चांगलं दिसतं," असं आईने तिला सांगितलं होतं.

"हौसा," मुकिंदा कुजबुजला, "छत वर आहे."

"मला माहीत आहे, दादा," हौसा म्हणाली आणि फरशीच मोजत राहिली.

तेवढ्यात मुलाकडचे आले. भाऊसाहेब, माईसाहेब आणि चिरंजीव प्रतापराव. प्रतापराव कचेरीत कारकून होते आणि चालताना साहेब होते. रंगाने ते तव्याच्या पाठीला जवळचे होते. पण ते मुलगा असल्यामुळे त्याला कुणी रंग म्हणत नसे. व्यक्तिमत्त्व म्हणत.

"अरे वा! तुम्ही इथं कसे?" अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरी चार वेळा म्हणून बघितलं होतं.

"सहज. छत बघायला," भाऊसाहेब म्हणाले.

मुकिंदाला फार बरं वाटलं. त्यांच्याही घरी बजावलेलं दिसत होतं.

माईसाहेबांनी वर बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "काय ते सावळं रूप बाई! नजर हटत नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले.

इकडे मुकिंदाने दाराकडे बघितलं. बाहेर सगळ्यांच्या चपला तशाच पडल्या होत्या. मागे राहिलेल्या. तो गेला, उचलल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागला. माईसाहेबांचे हात आयते जोडलेले होते. त्याने अलगद उघडले आणि त्यात त्यांची जोडी ठेवली.

"मावशी, तुमच्या. बाहेर राहिल्या होत्या."

माईसाहेबांनी प्रसाद समजून त्या कपाळाला लावल्या. मग डोळे उघडले.

पुढचा थोडा वेळ फार वाईट गेला. अण्णांनी क्षमा मागितली. चपला बाहेर गेल्या. आईने मुकिंदाला खांबाआड ओढलं. "पाहुण्यांना चपला देतात का रे? चहापाणी विचारतात! जा, पाणी आण."

मुकिंदाने कोपऱ्यातल्या माठातून गार पाणी आणलं. सगळ्यांत जवळ हौसा उभी होती. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्याने पेला तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला, तोच अण्णांनी पेला हिसकावून भाऊसाहेबांना दिला आणि मुकिंदाच्या कानात गरजले, "काहीही असो, आधी पाहुण्यांना! पाहुण्यांचं झालं की मग घरच्यांना!"

"आधी पाहुण्यांना," मुकिंदाने घोकलं.

"आणि पाहुणे काही कमी आहे म्हणाले, तर असेल तिथून आणायचं. एका शब्दाने विचारायचं नाही!"

"नाही विचारणार."

भाऊसाहेब पाणी प्याले आणि म्हणाले, "सगळं छान आहे. बसायची सोय मात्र कमी आहे."

कमी! मुकिंदा दाराशी गेला. स्टूल होतं. त्यावर पहारेकरी होता. विचारायचं तर नव्हतंच. त्याने स्टूल ओढलं. पहारेकरी फरशीवर उताणा पडला. इतकी वर्षं त्या छताची राखण करत होता, पण ते नीट बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली.

तो कंबर धरून उठला आणि ओरडला, "बाहेर! सगळे बाहेर व्हा!"

मुकिंदा नम्रपणे म्हणाला, "आधी पाहुण्यांना काढा. मग आम्हाला."

अण्णांनी पहारेकऱ्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. कसाबसा तो शांत झाला. भाऊसाहेब स्टुलावर बसले. बसायला मिळालं म्हणून असेल, त्यांचा चेहरा जरा सैल झाला. हीच वेळ बघून अण्णांनी घसा खाकरला. "मग... कसं काय वाटलं?"

आता इतका वेळ छताला टांगून ठेवलेला खरा विषय खाली उतरला. माईसाहेबांनी हौसाला दोन पावलं चालायला लावलं. वळायला लावलं. हात बघितले. शिवण येतं का विचारलं. प्रतापरावांनी "शिक्षण?" एवढंच विचारलं आणि उत्तराच्या वेळी स्वतःच्या बाह्या सारख्या केल्या.

"मुलगी गुणाची आहे," माईसाहेब म्हणाल्या. आईने मनात देवाला काहीतरी कबूल केलं.

"पण तोंडावर सांगते, राग मानू नका. उजळपणा कमी आहे. आमच्या प्रतापला गोरी हवी होती. आणखी जरा उजळ असती, तर आत्ता इथंच सुपारी फोडली असती."

वर कृष्ण सावळा तो सावळाच होता. हौसाची मान आधीच खाली होती. ती आणखी खाली कशी गेली कोण जाणे. एक थेंब फरशीवर पडला. तो मुकिंदाने बघितला. तिला कुणी रडवलं की मुकिंदाला काहीतरी करावंसं वाटे. पण काय करावं हे त्याला कधी सुचत नसे.

या वेळी मात्र सुचलं. पाहुणे कमी आहे म्हणाले होते. काय कमी आहे तेही सांगितलं होतं. आणि ते कुठे आहे हे मुकिंदाने येतानाच बघितलं होतं.

तो ओसरीत गेला आणि चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आला.

"मुकिंदा," अण्णा सावकाश म्हणाले, "ते काय आहे?"

"उजळपणा. कमी होता ना? आणला."

त्याने कुंचा बुडवला, निथळू दिला आणि हौसाकडे वळला. आई किंचाळली. हौसा जागची हलली नाही. कुंचा तिच्या गालापर्यंत आला आणि थांबला. मुकिंदाने जीभ चावली. केवढी चूक होत होती! मघाशी पाण्याच्या वेळी हेच तर झालं होतं.

"आधी पाहुण्यांना," तो म्हणाला आणि गर्रकन वळला.

पाहुण्यांत कुणाला आधी, याचा विचार करावा लागला नाही. नुसतं बघूनच कळत होतं.

"डोळे मिटा हं, दाजी," असं म्हणून त्याने प्रतापरावांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक सरळ पट्टा ओढला. मग दुसरा. मग कानामागे, कारण रंगारी कोपरे सोडत नाहीत. प्रतापराव "अहो... अहो..." म्हणेपर्यंत ओठही झाले.

माईसाहेबांनी किंकाळी फोडली. भाऊसाहेब उठायला गेले आणि स्टुलासकट पडले. पहारेकऱ्याने त्यांना उचललं नाही. आणि या सगळ्या गोंधळात कुणीतरी खदखदून हसलं. हौसा होती. इतकी हसली, की तिची मान मागे गेली, पार मागे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला छत दिसलं. मोर, हत्ती, चार ऋतू आणि मधोमध तो. ती हसतहसत बघतच राहिली.

"बघ की, दादा," ती म्हणाली. "किती सुंदर आहे!"

पण मुकिंदाला वर बघायला सवड नव्हती. तो दोन पावलं मागे सरून, एक डोळा बारीक करून प्रतापरावांकडे निरखून बघत होता. चुना अजून ओला होता आणि मधूनमधून व्यक्तिमत्त्व दिसत होतं.

मुकिंदाने मान हलवली आणि कुंचा पुन्हा बादलीत बुडवला.

"हौसा, तुला थांबावं लागेल गं," तो म्हणाला. "पाहुण्यांना दुसरा हात द्यावा लागतोय."